एक्स-रेवाल्या सरोजिनीबाई

सरोजिनीबाईंबद्दल चांगलं बोलणारी माणसं जबलपुरात पुष्कळ सापडतील. मी त्यातला नाही. तरी त्यांच्याविषयी कुणाला काही ऐकायचंच असेल तर माझ्याकडून ऐकावं, कारण गेल्या तीन वर्षांत त्या बाईवर माझ्याइतका कुणी जळलेला नाही. जळणारा माणूस नीट बघतो. कौतुक करणारे चहा पितात आणि निघून जातात.

मी श्यामसुंदर. नेपियर टाउनात माझा स्टुडिओ होता, चाळीस वर्षं. इथल्या मराठी घरांतली निम्मी लग्नं आणि मुंजी माझ्या कॅमेऱ्यातून गेल्यात. फोटो म्हटलं की श्यामभाऊ, असं होतं तेव्हा. आता त्या जागी कोचिंग क्लास आहे आणि माझ्या डार्करूममध्ये पोरं सायकली ठेवतात. हे सांगायचं कारण एवढंच, की फोटो धुणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

सरोजिनीबाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नवरा गौतम रिछाईच्या एका कारखान्यात फिटर होता. लग्न होऊन इथे आल्या आणि दोनेक वर्षांत नेपियर टाउनातल्याच एका हाडांच्या दवाखान्यात कामाला लागल्या. काम काय, तर जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या फिल्मा धुवायच्या. बाहेरून डॉक्टर ओरडणार, ‘ओलीच आणा, ओलीच आणा’, आणि ह्या आतून म्हणणार, ‘दोन मिनिट रुकिए साहब.’ चौतीस वर्षं त्या त्या खोलीत उभ्या होत्या. नखं कायमची तपकिरी झाली. अंगाला हायपोचा, म्हणजे फिल्म पक्की करायच्या पाण्याचा वास, कितीही आंघोळ करा, जात नसे म्हणतात. बाजारात कुणी नमस्कार केला तर चेहरा आठवायचा नाही. नाव सांगितलं की म्हणायच्या, ‘अच्छा, तुम्ही डाव्या मनगटवाले.’ लोक हे किस्से हसून सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

मग दवाखान्यात कॉम्प्युटरवर फोटो दाखवणारं मशीन आलं आणि बाईंना चिठ्ठ्या लिहायला काउंटरवर बसवलं. जुन्या टाक्या, स्टीलचे हँगर, लाल दिवा, सगळं भंगारात निघालं होतं. बाईंनी डॉक्टरांना विचारून ते रिक्षात घालून घरी आणलं, तारीख उलटलेल्या फिल्मांचे अकरा डबेही. गौतमराव तोवर गेले होते. घरात ह्या एकट्या. हे सगळं काहून आणलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “फेकवलं नाही भाऊ.” बास, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी मी एक मोठा लाकडी कॅमेरा घेतला. तोच तो, कापडाच्या भात्याचा, ज्याच्या मागे डोक्यावर काळं कापड घेऊन उभं राहावं लागतं. एका वेळी एकच फिल्म, जवळपास पोस्टकार्डाएवढी, आणि ती चपट्या लाकडी होल्डरात अंधारात भरायची. होल्डरला दोन बाजू, म्हणून दोन फोटो. प्रत्येक बाजूवर एक सरकती पट्टी असते. ती ओढली की फिल्म उघडी, परत सारली की बंद. स्टुडिओ गेल्यावर मला काहीतरी हातात हवं होतं, असा शौक. फिल्म परदेशातून मागवली तर महिना महिना वाट. कुणीतरी सांगितलं, एक्स-रेची फिल्म कापून चालते. दवाखान्यात गेलो, बाईंनी तोवर नोकरी सोडलेली, म्हणून तिथल्या लोकांनी मला त्यांचा पत्ता दिला.

पहिल्याच दिवशी वाद झाला. बाईंनी न्हाणीघरात लाल दिवा लावून माझ्यासमोर ब्लेडनं सहा तुकडे कापले. मग म्हणाल्या, “भाऊ, ही दोन्ही बाजूंनी मसाला लावलेली असते. ट्रेमध्ये टाकाल तर खालची बाजू घासेल. मी धुऊन देऊ का?”

मी म्हटलं, “बाई, मी चाळीस वर्षांपासून हेच करून राहिलो.”

“होय ना,” त्या म्हणाल्या. एवढंच. पुढे बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो.

घरी येऊन मी ट्रेमध्येच टाकली. आयुष्यभर एकाच बाजूच्या फिल्मा धुतलेला माणूस मी, हात दुसरं काही करायलाच तयार नव्हता. तिलवाऱ्याच्या पुलाचा फोटो होता, सकाळी पाच वाजता उठून काढलेला. नर्मदेवर उभ्या-आडव्या ओरखड्यांचं जाळं. दुसरा तुकडा मुकाट्यानं बाईंकडे नेला. त्यांनी तो चार कोपऱ्यांना चिमटे लावून हँगरवर टांगला, उभ्या टाकीत सोडला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. फिल्मकडे ढुंकूनही बघितलं नाही. मे महिना होता, म्हणून टाकीभोवती बर्फ. थर्मामीटर वीसवर. पाच मिनिटांनी काढली. निगेटिव्ह अशी, की पुलाखालच्या सावलीत बसलेल्या माणसाच्या धोतराची किनार मोजावी. माझ्या पोटात दुखलं. आता खोटं काहून बोलू?

बाईंचा डोळा नाही, हात नाही, कला नाही. घड्याळ आणि थर्मामीटर. आम्ही स्टुडिओवाले लाल उजेडात फिल्म वर उचलून बघायचो, रंग बघून ठरवायचो, आणखी अर्धा मिनिट, की बास. ती विद्या होती. ती मला माझ्या उस्तादानं दोन वर्षं पाणी भरायला लावून शिकवली. आणि इथे एक बाई बर्फाचे खडे टाकून माझ्यापेक्षा चांगलं काम करत होती. अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय होईल?

मग लोक यायला लागले. मेघना नावाची कॉलेजातली एक मुलगी, कुठूनसा जुना कॅमेरा घेऊन आलेला अपूर्व, भोपाळचा कुणी प्रोफेसर. सगळे बाईंकडे. माझ्याकडे कुणी आला तर पत्ता विचारायला. गणपतीत मराठी मंडळानं फोटोंचं प्रदर्शन लावलं. माझे सात फोटो होते. खाली कुणा शहाण्यानं लिहिलं, ‘छायाचित्र श्यामसुंदर, निगेटिव्ह सरोजिनीताई.’ पाच मिनिटांत घोळका बाईंभोवती. एक गृहस्थ मला म्हणाले, “आप भी कुछ करते हैं इसमें?” मी आरती न घेता घरी आलो.

यामिनी, माझी बायको, तिथेच राहिली. दोन तासांनी आली ती बाईंची मैत्रीण होऊन.

यामिनीविषयी थोडं सांगितलं पाहिजे. चाळीस वर्षं तिनं माझ्या स्टुडिओत दिवा धरला. नवऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर सावली पडू नये म्हणून पांढरा पुठ्ठा धरून उभी राहायची, पदर खोचून. माझ्या कामाबद्दल एका शब्दानं कधी वाईट बोलली नाही. चांगलंही बोलली नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. आता रोज बाईंचं कौतुक. सरोजिनीनं आज असं केलं, सरोजिनी म्हणते तसं करा, सरोजिनीच्या घरी किती शांत वाटतं. दर गुरुवारी दुपारी तिथे जायची. एकदा मी फाटकाशी पोहोचलो तर आतून दोघींचं हसणं ऐकू आलं. यामिनी अशी हसते हे मला माहीतच नव्हतं. मी स्कूटर वळवून परत आलो.

गेल्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी यामिनीला केस कापायला सांगितलं. मानेचे मणके दुखायचे, आणि हिचे केस गुडघ्यापर्यंत. लग्न होऊन आली तेव्हाही तेवढेच होते, आता पांढरे झालेले. चार वर्षांपासून तिनं रंग लावणं सोडलं होतं. धुतले की वाळायला दोन दिवस, आणि तो ओला भार मानेवर. मुलगी अवंती पुण्याहून फोनवर रोज तेच सांगत होती, आई, काप. शेवटी यामिनी एका सकाळी म्हणाली, “कापते. पण आधी माझा एक फोटो काढा. मोकळ्या केसांचा.”

मी विचार करू लागलो. घरात फोटो शेकड्यानं. ती त्यात अंबाड्यात, नाही तर दिवा धरून अर्धी कापलेली. मोकळ्या केसांचा एकसुद्धा नाही. फोटोवाल्याची बायको चाळीस वर्षं, आणि हे पहिल्यांदा मागितलेलं. मोबाईलवर काढू का म्हटलं तर म्हणाली, “मोबाईलवर सगळ्यांचेच असतात. त्या मोठ्यानं काढा.”

रविवारी सकाळी खिडकीपाशी तिला बसवली. केस सोडले, खुर्चीवरून खाली फरशीवर आले. मी काळ्या कापडाखाली गेलो. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर ती उलटी दिसत होती, केस वर जाणारे. काय सांगू, मला काही वेळ बाहेर यावंसं वाटलं नाही. होल्डर एकच धड होता, म्हणून दोनच फिल्मा. दोन्ही काढल्या.

“सरोजिनीकडे देता ना?” ती केस गुंडाळत म्हणाली.

“काहून? मला येत नाही का?”

ती अंबाड्यात आकडे खोचत आत गेली. मला वाटलं, ह्या एका फोटोला त्या बाईचा हात लागू देणार नाही. बाकी सगळं घे म्हणावं, तिलवारा घे, प्रदर्शन घे. हा माझा.

दुपारी न्हाणीघर बंद करून पहिली फिल्म धुवायला घेतली. ट्रेच्या तळाशी काच ठेवली होती, तेवढं मी शिकलो होतो. पण वेळ मात्र डोळ्यानंच ठरवणार होतो. आणि माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड नाही. लाल उजेडात फिल्म वर धरली, काही दिसेना. परत बुडवली. परत धरली, फिकीच वाटली. आणखी थोडं, आणखी थोडं, असं करता करता किती वेळ गेला कळलं नाही. घड्याळ मी मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. हायपोतून काढून पांढऱ्या दिव्यासमोर धरली तर तव्यासारखी काळी. केस नाही, चेहरा नाही, खिडकी नाही.

बाहेर आलो. यामिनीनं विचारलं, “कसा आला?”

मी म्हटलं, “छान आलाय. वाळतोय.”

असं कसं बोलून गेलो, विचारू नका. दुसरी फिल्म शिल्लक होती, ती उद्या नीट धुऊ, असं मनात होतं. सोमवारी सकाळी मी बँकेत गेलो होतो. परत आलो तर यामिनी पार्लरमधून आलेली. मानेपर्यंत केस. वेणी एका पिशवीत. ती एकसारखी मान हलवून बघत होती आणि म्हणत होती, “किती हलकं वाटतं हो.” मी तिथेच पलंगावर बसलो.

मंगळवारी तिला न्हाणीघराच्या दोरीवर ती काळी फिल्म सापडली. तिनं ती उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी बघितली. चाळीस वर्षं स्टुडिओत काढलेली बाई, तिला काय समजावणार? ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, “दुसरी आहे ना?”

“आहे.”

“ती सरोजिनीकडे नेऊ. उद्या. मी पण येते.” आणि मग स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, “तिच्या हातात दिलं की मला धाकधूक राहत नाही.”

हे वाक्य मी रात्रभर चावत होतो. चाळीस वर्षांत माझ्या हातात काही देताना हिला धाकधूक होत होती का? नवऱ्यामुलींच्या बापांनी मला लग्नं सोपवली, ह्या शहरानं सोपवली. आणि घरातल्या माणसाला माझ्या हाताचा भरवसा नाही. उद्या तो फोटो चांगला येणार, हे मला माहीत होतं. बाईंच्या हातून वाईट येतच नाही. भिंतीवर लागेल. येणारा-जाणारा विचारेल, आणि यामिनी सांगेल, सरोजिनीनं धुतला म्हणून वाचला, नाही तर ह्यांनी... मी मरेपर्यंत ते ऐकणार होतो, माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या केसांखाली बसून.

बुधवारी चारच्या सुमारास आम्ही स्कूटरवर बाईंच्या घरी गेलो. यामिनी उतरून सरळ आत गेली. मी फाटकाबाहेर स्कूटर स्टँडवर लावली. होल्डर पिशवीत होता. आतून सरोजिनीबाईंचा आवाज आला, “अगं, कापले? बघू बघू. किती गोड दिसून राहिली तू.” आणि दोघी हसल्या.

मी होल्डर काढला. पट्टी ओढली. उन्हात, पूर्ण. दोन श्वास तशीच धरली आणि परत सारली. माझा हात चुकला नाही, कुणी धक्का दिला नाही. मी फोटोवाला आहे, मला ठाऊक होतं मी काय करून राहिलो. त्या क्षणी मला फक्त हायसं वाटलं.

आत गेलो. बाईंनी चहा आधीच टाकला होता, पण म्हणाल्या, आधी काम. यामिनीला बाहेर खुर्ची दिली, कारण न्हाणीघरात दोनच माणसं मावतात. मला म्हणाल्या, “या भाऊ, तुमचाच फोटो आहे, तुम्ही उभे राहा.” लाल दिवा लावला. होल्डर उघडून फिल्म चारही चिमट्यांत अडकवली, किती हलक्या हातानं, आणि टाकीत सोडली. घड्याळाकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या पाठीकडे. एका मिनिटात माझं हायसं वाटणं संपलं. मला ओरडावंसं वाटत होतं की बाई, काहीतरी करा, थांबवा हे. थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पाच मिनिटांनी हँगर वर आला. बाईंनी पहिल्यांदाच फिल्मकडे निरखून बघितलं. हायपोत टाकली, थोड्या वेळानं काढली आणि लाल दिव्यासमोर धरली. मधला सगळा भाग गच्च काळा. कडेला मात्र चारही बाजूंनी एक बारीक कोरी रेघ, स्वच्छ. होल्डरात फिल्मच्या कडा खाचेत दबलेल्या असतात, तिथे ऊन पोहोचत नाही. फिल्म डब्यात खराब झाली असती, किंवा खोलीत दिवा लागला असता, तर कडेसकट सगळी काळी झाली असती. ही होल्डरात असतानाच उघडली होती. हे समजायला चौतीस वर्षंही लागत नाहीत.

बाईंनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग हळू आवाजात विचारलं, “भाऊ, रस्त्यात पट्टी सरकली का कुठे?”

“नाही,” मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. लाल उजेडात त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण माझा त्यांना दिसत असावा.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. फिल्म परत हायपोत टाकली, टाकीवर झाकण ठेवलं, हात पुसले आणि दार उघडलं.

यामिनी उठून उभी राहिली होती. “आला?”

“यामिनी,” सरोजिनीबाई म्हणाल्या, “माझ्या हातून वाटोळं झालं गं. फिल्म काढताना पांढऱ्या दिव्याचं बटण दाबलं गेलं. सगळं गेलं.”

मी दारातच उभा होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. इतकी वर्षं ज्या खोलीत त्यांच्या हातून एक फिल्म बिघडली नाही, त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून त्या हे बोलत होत्या, आणि बोलताना त्यांचा आवाज हलला नाही. खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हेवा. मला माझी पहिली चूक बायकोला सांगता आली नव्हती. ही बाई न केलेली सांगून मोकळी झाली. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. आले आणि तिथेच राहिले.

यामिनीचा हात मानेमागे गेला. अंबाडा सावरायला जायचा तसाच, चाळीस वर्षांच्या सवयीनं. तिथे काही नव्हतं. हात तसाच थोडा वेळ राहिला, मग खाली आला. तिचे डोळे भरले, पण तिनं सरोजिनीबाईंना जवळ घेतलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “जाऊ दे गं. तू काय मुद्दाम केलं का?”

चहा घेतला तिघांनी. निघताना बाई फाटकापर्यंत आल्या नाहीत.

घरी येताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा यामिनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “अहो, तिला काही बोलू नका हं ह्यावरून. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.”

मी म्हटलं, “नाही बोलत.”